खिळ्यांचं शिसं आणि काकूंची रायफल

माझा धंदा सांगितला की लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस ताट उचलून थोडा पलीकडे सरकतो. मग कुतूहल त्याला परत अलीकडे आणतं आणि तो ठरलेला प्रश्न विचारतो, “तुम्ही दुरुस्त केलेल्या बंदुकीने कधी कुणी...?” त्याची निराशा करावी लागते. माझ्या हाताखालून गेलेल्या बंदुका बँकांच्या दारात उभ्या राहिल्या, द्राक्षबागांत पाखरं उडवत राहिल्या आणि उरलेलं आयुष्य त्यांनी लोखंडी कपाटात काढलं. एवढंच.

मी नाशिकमधला परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाला. दुकान लहान आहे. शहराबाहेरच्या एका रायफल क्लबाच्या हत्यारांची देखभालही गेली पंचवीसेक वर्षं माझ्याकडे आहे. या धंद्यात कामापेक्षा कागद जास्त. स्प्रिंग बदलायला पंधरा मिनिटं लागतात आणि ती बदलल्याचं लिहायला अर्धा तास. माझा त्याबद्दल राग नाही. जी वस्तू चुकीच्या हातात गेली तर माणूस जातो, तिच्या मागे कागद असलेच पाहिजेत. पण लिहून लिहून माणूस दमतो, हेही खरं आहे.

निवडणूक जाहीर झाली की लोकांना आपापली हत्यारं जमा करावी लागतात. कुणी पोलीस ठाण्यात करतात, कुणी माझ्यासारख्याकडे. त्या आठवड्यात माझ्या दुकानाला वसतिगृहाच्या पहिल्या दिवसाची कळा येते. एक बागायतदार दर वेळी बंदूक काउंटरवर ठेवून विचारतात, “कोपऱ्यात नका ना ठेवू हिला? हवा लागेल अशी ठेवा.” रोज घरात तिच्याकडे न पाहणारा माणूस पावती घेऊन दारापर्यंत जातो आणि एकदा वळून बघतो.

एका संस्थेचा पहारेकरी त्याची दुनळी तपासायला घेऊन आला होता. मी नळीतून उजेडाकडे पाहिलं तर उजेडच दिसेना. आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. मी गज घालून ते फोडलं, माती काउंटरवर पडली. तो त्या ढिगाकडे बघत म्हणाला, “साहेब, मी तर तीन वर्षं हिच्या भरवशावर उभा आहे.” मी म्हटलं, “चोरही तिच्याच भरवशावर आला नाही. बसा, चहा घ्या.”

अशी माणसं भेटली म्हणून दिवस गेले. आता मात्र थकलो आहे. डोळ्याला जवळचं दिसत नाही आणि उजवा खांदा ऋतू बदलला की बोलतो. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, शिसं थोडं वाढलंय, आता पुरे करा. माझी पत्नी हे वीस वर्षांपासून म्हणते आहे. ओतकामाच्या दिवशी मी मागच्या दाराने घरात येतो. तिथे माझी वेगळी बादली असते, वेगळा साबण असतो आणि कपडे वेगळे धुतले जातात. हात कोपरापर्यंत घासून झाले की ती विचारते, “नखं?” मी नखं दाखवतो. मगच स्वयंपाकघरात प्रवेश. नातवंडं यायला लागल्यापासून तर दोनदा दाखवतो.

तर हे ओतकाम म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. नळीच्या आतल्या बाजूला पिळाचे आटे कोरलेले असतात. गोळी त्यांत घट्ट बसून फिरत बाहेर पडली तर सरळ जाते, भोवऱ्यासारखी. आपल्याकडे अनेक जुन्या विलायती रायफली आहेत, ज्यांचं काडतूस आता कुठेच मिळत नाही. मग वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरायच्या आणि गोळी शिशाची ओतायची. हे कुणीही घरी करू नये. तो गुन्हा आहे आणि धोकाही आहे. आमच्या क्लबाला सभासदांच्या सरावापुरती रीतसर परवानगी आहे आणि ते काम माझ्याकडे आहे. दारू किती घालायची ते मी इथे लिहिणार नाही. एका रायफलीचं प्रमाण दुसरीला चालत नाही, आणि वाचून करायला जाणारा एखादा निघतोच.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात काकू आल्या. विंचूरच्या पुढे त्यांची बाग. पंचाहत्तरीच्या आसपासच्या, ताठ, डोळ्यावर नुकत्याच झालेल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा. त्यांचे पती अण्णा आमच्या क्लबाचे जुने सभासद. दर रविवारी जीप घेऊन यायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. रायफल वारसाहक्काने काकूंच्या नावावर झाली होती.

ती रायफल मला चांगली माहीत होती. अमेरिकन बनावटीची, शंभर वर्षांच्या पुढची, लिव्हरची. चापाखाली एक लोखंडी कडी असते. ती खाली ओढून वर केली की रिकामी पुंगळी उडून पडते आणि नवं काडतूस आत चढतं. परदेशी सिनेमात घोड्यावरची माणसं वापरतात ती. अण्णांनी ती तरुणपणी एका मळेवाल्या साहेबाच्या कुटुंबाकडून घेतली होती.

काकू खुर्चीवर बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. “दिलीपराव, परवान्याची मुदत दिवाळीनंतर संपती. या डोळ्यांवर आन या हातावर मला कोण परवाना देणार? आन कशाला द्यावा?”

“मुलाच्या नावावर करायची?”

“तो म्हणतो, आई, सोसायटीत नको. सून तर म्हणली, घरात लहान लेकरू हाय. तिचं काय चुकलं सांगा.”

मी म्हटलं, “मग जमा करावी लागेल.”

“जमा केली की काय करत्यात?”

मी खरं तेच सांगितलं. राहते गोदामात. कुणी वारस मागायला आला नाही तर कधीतरी तोडून भट्टीत जाते.

काकूंनी पदराने चष्म्याखालचं पाणी टिपलं. ते ऑपरेशनचं होतं की कशाचं, सांगता येणार नाही. “तुमचा क्लब घेतो का तिला? अण्णांची लय विच्छा होती. पण एक सांगते. नुसती काचंच्या पेटीत ठिवायची आसंल तं नको. तिचा आवाज निघाला पायजे. गप बसवायची तं मंग सरकारनंच न्यावी.”

क्लब हत्यारं दान घेतो. त्याला एक नियम आहे आणि तो नियम आमच्या सेक्रेटरींनी केलेला. ते फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, देवळालीकडे राहतात, आणि नियम हा शब्द उच्चारताना अजूनही थोडे ताठ होतात. पन्नास मीटरवर पाच गोळ्या, पाचही चहाच्या बशीएवढ्या वर्तुळात. दोन संधी. नाही जमलं तर हत्यार परत.

“मिस्त्री, मी दुष्ट नाही,” ते मला म्हणाले. “पण कपाटात जागा दहा रायफलींची. लोक आजोबांचा पंखापण आणून देतात, दान म्हणून. जी चालते तीच ठेवणार. सेंटिमेंट इज ओके, लेकिन गोली सीधी जानी चाहिए.”

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मीही आकड्यांचा माणूस आहे.

तेव्हा प्रश्न एवढाच उरला. दिवाळीच्या आत या रायफलीला मानवेल अशी गोळी तयार करायची, नाहीतर ती भट्टीत.

पुंगळ्या अण्णांनीच जपून ठेवल्या होत्या, डब्यात, तेलाच्या फडक्यात गुंडाळून. टोप्या क्लबाच्या साठ्यातल्या. प्रश्न गोळीचा होता. शुद्ध शिसं फार मऊ. वेगाने आट्यांत शिरलं की त्याचा थर नळीत बसतो आणि नळी बुजत जाते. त्याला कथील आणि अँटिमनी मिसळून कडक करावं लागतं. त्याचं तयार मिश्रण कुठे मिळतं म्हणाल, तर छापखान्यात. हा अंक वाचणाऱ्यांतल्या जुन्या लोकांना खिळे आठवत असतील. एकेक अक्षराचा एकेक खिळा, ते जुळवून पान व्हायचं. शहरातला एक छापखाना बंद पडला तेव्हा मालकांनी मला खिळ्यांच्या पेट्या दिल्या होत्या. कान्याचे आणि वेलांटीचे खिळे झिजून गोल झालेले, ‘ञ’ मात्र नवाकोरा. दिवाळी अंक याच खिळ्यांनी निघायचे. मी कढई तापवून त्यात ओंजळ सोडली की अक्षरं आधी काठाला वाकायची आणि मग एकदम पाणी व्हायची. दर वेळी थोडं वाईट वाटायचं. पण भंगारात जाण्यापेक्षा बरं, अशी समजूत घालायचो.

ओतताना मेणाचा खडा टाकायचा, म्हणजे मळ वर येतो. मेण सुरगाण्याचा एक माणूस आणून द्यायचा, आग्या मोहोळाचं. तेच मेण एरंडेलात कालवून गोळीच्या खाचेत वंगण म्हणून भरायचं. साचा गार असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात, फार तापला तर ती भुरकट होते. पावसाळ्यात तर जपावंच लागतं. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर कढई फुटल्यासारखी उडते. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग त्याचाच. आणि लिव्हर रायफलीचं आणखी एक पथ्य. तिची काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक उभी असतात, पुढच्याच्या टोपीला मागच्याचं नाक टेकून. टोकदार गोळी घातली तर धक्क्याने टोपी फुटेल. म्हणून नाक चपटं हवं.

एवढं सगळं पाळून मी गोळ्या ओतल्या, एकेक तोलली, वजनात फरक असलेल्या परत कढईत टाकल्या. नळीचं माप घेतलं. त्याची रीत अशी की मऊ शिशाचा गोळा तोंडातून आत सारायचा आणि दुसऱ्या बाजूने काढून त्यावर उमटलेले आटे मोजायचे. गोळा तोंडाशी जरा सैल गेला, मग आत घट्ट झाला. जुन्या रायफलीत असं होतं. मी आतलं माप धरलं आणि गोळ्या त्याच्यापेक्षा केसभर जाड केल्या. पुस्तकात असंच आहे.

जूनमध्ये पहिल्यांदा मारून पाहिलं. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून, मी स्वतः. गोळ्या बशीत तर सोडाच, परातीत मावल्या नसत्या.

मग मी मिश्रण बदललं. खिळे कमी, मऊ शिसं जास्त. मग उलट. वंगण बदललं. दारू कमी केली. गोळी आणखी केसभर जाड केली. दर वेळी क्लबात जायचं, पाच-पाच मारायच्या, नळी घासायची, लक्ष्याचा कागद काढून मोजायचं. कधी चार गोळ्या एका झुबक्यात आणि पाचवी दूर. कधी सगळ्या वर उजवीकडे पसरलेल्या, कोंबडीने उकरल्यासारख्या. बाहेर पाऊस आणि आत बारुदाचा धूर हलत नसे. घरी येऊन मागच्या दाराशी नखं दाखवायची. पत्नी म्हणायची, “त्या काकूंना सांगून टाका ना, नाही होत म्हणून.” मी म्हणायचो, सांगतो. मग परत कढई तापवायचो. पुढे पुढे मला त्या रायफलीचा राग यायला लागला. सेक्रेटरी खुर्चीत बसून बघायचे आणि काही बोलायचे नाहीत, हे जास्त लागायचं.

गणपतीनंतर पहिली अधिकृत संधी घेतली. तीन आत, दोन बाहेर. सेक्रेटरींनी कागदावर सही केली. “एक चान्स बाकी, मिस्त्री.”

काकूंचा फोन आला. “काय म्हणती ती?”

“अजून ऐकत नाही, काकू.”

“माझं बी कधी ऐकलं न्हाय तिनं,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग थोडं थांबून, “आन न्हायच ऐकलं तर?”

मी म्हटलं, बघू.

रशीदभाईंना बोलावलं ते खरं तर दुसऱ्याच कामासाठी. जुन्या नाशकात त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. आमचे तीसेक वर्षांचे संबंध. गोळी मापाला आणायची जी पोलादी कडी असते, ती मला आणखी एक करून हवी होती. रायफल कागदांशिवाय हलवता येत नाही, म्हणून मोजमापं घ्यायला तेच क्लबात आले. त्यांनी डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं आणि रायफल उलटी धरून तिच्या तोंडात बघत बसले. बराच वेळ. मग भिंग काढलं, पुसलं, परत लावलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही.”

“रशीदभाई, सांगा ना.”

“भाऊ, मी बोललो तर बरं नाही दिसणार. तुम्हीच बघा.” आणि भिंग माझ्या हातात दिलं.

मी पाहिलं. नळीच्या तोंडाच्या कडेला, जिथे आटे संपतात त्या गोल काठावर, खालच्या बाजूला खड्डे पडले होते. बारीक, देवीच्या वणासारखे. आणि त्या खड्ड्यांत लाल रंग बसला होता. गंजाचा तांबूस नाही. लाल.

कुंकू.

तोंडाचा हा काठ म्हणजे गोळीचा उंबरठा. गोळी नळीतून सुटते ती इथे. काठ सगळीकडून सारखा असेल तर मागचा धूर सगळीकडून एकदम निसटतो. एका बाजूला खड्डा असेल तर तिथून आधी निसटतो आणि गोळीला बाहेर पडता पडता कोपरखळी बसते. मग तुम्ही खिळ्यांचं शिसं घाला नाहीतर सोन्याची गोळी ओता. शिकाऊ पोरालाही पहिल्या दिवशी शिकवतात, आधी तोंड बघ. शिशाचा गोळा तिथे सैल गेला होता, तेही माझ्या बोटांना कळलं होतं.

आणि मी तोंड पाहिलंही होतं. पन्नास वेळा. लाल दिसलंही होतं. पण खंडेनवमीला नाशिक जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या बंदुकांच्या तोंडाला कुंकू लागतं. माझ्या दुकानातल्या पान्यांना, कानशींना, वजनकाट्यालाही लागतं, आणि ते मीच लावतो. माझ्या डोळ्याला तो रंग बंदुकीचाच भाग वाटतो. मंदिरात जाऊन शेंदूर किती जाड आहे हे कुणी मोजतं का? रशीदभाईंच्या डोळ्याला तो रंग रंगच दिसला.

“आता हसा,” मी म्हटलं.

“हसत नाही, भाऊ. आमच्यात पण ताईत बांधतात लेथला. धागा पट्ट्यात अडकला होता एकदा, बोट जाता जाता राहिलं. अब्बांनी मला मारलं, ताईताला नाही.” मग ते कामावर आले. “पितळेचा गोळा आणि पॉलिशची पेस्ट. हाताने घासून काठ नवा करून देतो. कागदाएवढंच जाईल. पण मालकाला विचारा आधी. जुनी चीज आहे.”

हत्यारावर असं काम करायचं तर मालकाची लेखी संमती लागते आणि कारण लिहावं लागतं. कारण काय लिहू? ‘तोंडाशी गंज’ एवढं लिहून भागलं असतं. पण काकू विचारणार, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी विंचूरला गेलो. काकू ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मी काय करायचं ते सांगितलं आणि कागद पुढे केला.

“गंज कशानं आला?”

मी सांगितलं. ओलं कुंकू, त्यावर नारळाचं पाणी, आणि मग वर्षभर बंद कपाट.

त्यांचे हात थांबले. “म्हंजे मीच.”

“काकू, सगळेच लावतात. मीही लावतो.”

“तसं नाय. ऐका.” त्यांनी लसणाची परडी बाजूला केली. “त्यांनी कधी हात लावू दिला न्हाय तिला. बायामाणसाचं काम नाय म्हणायचे. वर्साचा एकच दिस माझा. खंडेनवमीला ती पाटावर यायची आन मी पूजा करायचे. ते म्हणायचे, तोंडाला नको लावू, कपाळाला लाव. मी म्हणायचे, बंदुकीला कपाळ कुठं असतं ते दाखवा, तिथं लावते. मंग गप बसायचे.” त्या जराशा हसल्या. “पर मला सांगा, पन्नास वर्सं लावलं. ते असताना का न्हाय गंजली?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. दर दसऱ्यानंतर अण्णा क्लबात यायचे. आत येण्याआधी पायरीवर बसून माझ्याकडे तेल आणि फ्लॅनेलचं फडकं मागायचे आणि रायफलीचं तोंड स्वच्छ पुसायचे. एकदा माझ्याकडे बघून म्हणाले होते, “घरी बोलू नको.” मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

ते आता काकूंना सांगावं की नाही, याचा हिशेब मला जमेना. मापात मी कधी खोटं लिहिलेलं नाही, पण हे माप नव्हतं. शेवटी सांगितलं.

अंगणात कुणीतरी मोटार चालू केली, पाण्याचा आवाज यायला लागला.

“मी लावलेलं पुसायचे,” त्या म्हणाल्या. “दर वर्सी.”

“तेलाने. हळूच.”

“लबाड माणूस.” मग खाली बघत म्हणाल्या, “ते गेल्यावर पयल्या खंडेनवमीला माझा हात धजंना. इधवेनं लावावं का न्हाय. पर दुसरं कोण होतं घरात? लावलं. लोक म्हणले, पूजा झाली, पुसून ठिवा. मी म्हणलं, माझ्या कपाळाचं गेलं, तिचं तरी ऱ्हाऊ द्या. म्हणून न्हाय पुसलं. सहा वर्सं न्हाय पुसलं.”

त्यांनी कागद ओढून घेतला आणि सही केली. अक्षर मोठं, सावकाश.

“घासा,” त्या म्हणाल्या.

रशीदभाईंनी एका दुपारी काम केलं. पितळेचा गोळा हाताने फिरवत, मधून मधून भिंग लावत. जे लाल निघालं ते त्यांनी फडक्यावर घेतलं. ते फडकं टाकायचं कुठे, असं मला विचारलं. मी म्हटलं, द्या इकडे, आणि ते घडी करून पुंगळ्यांच्या डब्यात ठेवलं.

मग मी नवं काही केलं नाही. जूनमधलीच पहिली गोळी घेतली, पुस्तकाप्रमाणे केलेली. उन्हाळ्यापासूनचे सगळे प्रयोग वाया. तशाच पाच भरून मारल्या. चार एकमेकींना चिकटल्या, पाचवी जरा वर. मी दुर्बिणीतून बघून खाली बसलो. आनंद वगैरे नाही, पाय दुखत होते.

दुसरी अधिकृत संधी दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात झाली. काकू आल्या होत्या, कानात कापसाचे बोळे घालून. पहिल्या चार आत. पाचव्या वेळी माझा खांदा थोडा हलला आणि मला ते लगेच कळलं. सेक्रेटरी कागद घेऊन आले. पाचवं छिद्र रेषेवर.

“आतून शिवलंय,” ते म्हणाले, “नियमाप्रमाणे आत.”

मी म्हटलं, “मोजा.”

“मिस्त्री, मी म्हणतो ना आत.”

“मोजा साहेब. नंतर कुणी म्हणायला नको.”

काकू मागून म्हणाल्या, “आवो दिलीपराव, ते आत म्हणत्यात तर तुमचं काय पोट दुखतंय?”

सेक्रेटरींनी मापाची पट्टी लावली. छिद्राची कड रेषा ओलांडून आत गेली होती. आमचे नियमप्रेमी साहेब इतके हसलेले मी पहिल्यांदा पाहिले. “वेलकम,” त्यांनी रायफलीला म्हटलं. काकूंना नाही, रायफलीला.

ती आता क्लबाच्या कपाटात आहे. फार चालवत नाही. टोप्या मिळत नाहीत, खिळे संपत आले आहेत, आणि माझ्यानंतर ओतणारा कोणी नाही. वर्षातून दोन-चार रविवारी तिचा आवाज निघतो. काकूंना फोन लावून ऐकवतो. त्या म्हणतात, “नीट ऐकू आला न्हाय, अजून एक मारा.” मी म्हणतो, पुढच्या वेळी.

खंडेनवमीला क्लबात सगळी हत्यारं रिकामी करून, तपासून, सतरंजीवर मांडतो. त्या वर्षी काकू ताट घेऊन आल्या. हळद, कुंकू, झेंडू. सगळ्या रायफलींवरून नजर फिरवून त्या आपल्या रायफलीपाशी थांबल्या. बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“आता तरी सांगा. हिचं कपाळ कुठंय?”

रशीदभाई भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी नुसती हनुवटी हलवून दाखवलं. दस्त्याच्या डाव्या अंगाला, लाकडावर, एक तळहाताएवढी जागा आहे. पॉलिश गेलेली, फिकट, गुळगुळीत. अण्णा डावखुरे नव्हते. नेम धरताना त्यांचा उजवा गाल तिथे टेकायचा. पन्नास वर्षं टेकला होता.

मी काकूंचा हात तिथे नेला. त्यांनी बोटाने आधी ती जागा चाचपली. मग कुंकू लावलं.

“पुसायचं न्हाय,” त्या म्हणाल्या.

“नाही पुसत,” मी म्हटलं. “लाकडाला कुंकवाने काही होत नाही.”